निगुतीने

विष पोटात घेतलेला माणूस ओकारी काढायला बाथरूममध्ये जातो आणि गुडघे टेकण्याआधी फरशीवर टॉवेलची घडी अंथरतो. 'ब्रेकिंग बॅड'च्या चौथ्या सीझनमधल्या 'सालूद' या भागातला हा प्रसंग. बाहेर तरणतलावाच्या काठाला अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या डॉन एलाडिओ आणि त्याची माणसं त्याच धंद्यातल्या गस फ्रिंगने भेट म्हणून आणलेली टकीला पीत आहेत. बाटलीत विष आहे. एलाडिओ कच्च्या गुरूचा चेला नाही, गसने प्यायल्याशिवाय तो ग्लास ओठाला लावणार नाही. म्हणून गस आधीच एक गोळी गिळून बसलाय. सगळ्यांच्या देखत तो आपला ग्लास रिकामा करतो, थोडा वेळ बसतो आणि मग पाहुण्याने विचारावं तशा अदबीने विचारतो, बाथरूम वापरली तर चालेल का? दार लावून घेतो, टॉवेल नीट ठेवतो, त्यावर गुडघे टेकतो आणि घशात बोटं घालतो. बाहेर एकेक जण कोसळायला लागतो. एलाडिओ स्वतः पाण्यात पडतो, त्याच तलावात, ज्याच्या काठावर वीस वर्षांपूर्वी गसच्या मित्राला मारलं होतं. सूड पुरा होतो, हिशेब मिटतो. आणि एवढं सगळं पाहून उठल्यावर डोक्यात राहतो तो टॉवेल.

का राहतो, हे नीट पाहायला हवं. सरळ उत्तर असं, की त्याला पुन्हा त्या लोकांत जाऊन उभं राहायचंय. पँटीच्या गुडघ्यांवर ओल दिसली, चुणी दिसली, तर एलाडिओच्या एखाद्या रखवालदाराच्या मनात पाल चुकचुकायची. तेव्हा टॉवेल हा डावाचाच भाग. पण पाहताना तसं वाटत नाही. वाटतं, की हा माणूस घरीही असाच वागत असेल. विष चढतंय, मिनिटं मोजकी आहेत, आणि हात मात्र आपल्या रोजच्या चालीने चाललेत. हिशेब कुठे संपला आणि सवय कुठे सुरू झाली, ते सांगता येत नाही. लेखकांनी ते सांगितलेलं नाही आणि गस झालेल्या जियानकार्लो एस्पोझिटोने चेहऱ्यावर दाखवलेलं नाही. त्या न सांगण्यातच गस फ्रिंग उभा राहतो.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, निगुती. निगुतीने भाजी चिरणं, निगुतीने कपडे घडी करून ठेवणं, निगुतीचा संसार. स्वच्छता, काटकसर, वेळेचं भान आणि वस्तूबद्दलची माया, हे सगळं त्या एका शब्दात येतं. कुणाबद्दल हा शब्द वापरला की ते कौतुकच असतं. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या मालिकांमधले जे खलनायक खरोखर लक्षात राहिले, त्यातले बरेच निगुतीचे आहेत. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा बरं वाटलं नाही, कारण जे आपल्याला माणसात आवडतं तेच या माणसांत आहे. क्रौर्यासाठी त्यांच्याकडे दुसरे हात नाहीत. ज्या हातांनी अंडं फोडतात, त्याच हातांनी गळा धरतात, आणि दोन्ही वेळी हात सारखेच काळजीपूर्वक चालतात.

त्याच सीझनचा पहिला भाग, 'बॉक्स कटर', 2011 सालचा. भूमिगत प्रयोगशाळेत गससाठी अमली पदार्थ बनवणारे वॉल्टर आणि जेसी बसवून ठेवलेत. गस जिना उतरून येतो. काही बोलत नाही. कोट काढून अडकवतो, कपडे बदलतो, रसायनांपासून बचाव करणारा पोशाख अंगावर चढवतो. वॉल्टर बोलतोय, गयावया करतोय, धमकावतोय, स्वतःची किंमत पटवतोय. त्याचं बोलणं जितकं वाढतं तितकं कपडे बदलणं मोठं होत जातं. मग गस कटर उचलतो आणि गळा चिरतो, पण ज्याचा चिरेल असं वाटत होतं त्याचा नाही, स्वतःच्या विश्वासू माणसाचा, व्हिक्टरचा. हा भाग आठवणारे सगळे रक्ताबद्दल बोलतात. खरी कारागिरी त्यानंतरची आहे. तो धुतो, पुसतो, पुन्हा आपले कपडे घालतो, सगळं त्याच गतीने, आणि जिना चढता चढता थांबून एवढंच म्हणतो, की चला, कामाला लागा. एडिटिंग टेबलावर एरवी सगळ्यात आधी कापली जाते ती हीच फीत: चालणं, बटणं लावणं, हात धुणं. प्रेक्षकाला माहीत असलेली कृती दाखवायची नाही, हा संकलनाचा पहिला धडा. इथे उलट केलंय. कपडे बदलणं पूर्ण ठेवलंय आणि कारण कापलंय. व्हिक्टरला का मारलं, हे गस सांगत नाही. कारणं पात्रांना नंतर आपापसात काढत बसावी लागतात. प्रेक्षकाच्या हातात कृती आहे आणि कारण नाही, म्हणून तो बटणांकडे बघत राहतो, जणू तिथेच काही सापडेल.

हे कुणालाही सहज साधत नाही. हातांना काम दिलं की नटाचं बोलणं आपोआप खाली येतं, हे नाटकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते त्याला 'बिझनेस' म्हणतात. पण बिझनेस आणि निगुती यांत फरक आहे. सिगारेट पेटवणं, ग्लासात बर्फ टाकणं, खिडकीशी जाऊन पाठ करून उभं राहणं, हा बिझनेस कुठल्याही पात्राला लावता येतो, म्हणून तो कुणाचाच होत नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये टायविन लॅनिस्टर पहिल्यांदा दिसतो तो तंबूत हरणाचं कातडं सोलताना. सहा भाग आपण त्याचं नाव ऐकतोय, सातव्यात माणूस दिसतो. प्रसंग खरं तर माहिती द्यायचा आहे. बाप मुलाला घराण्याविषयी चार गोष्टी सुनावतोय, आणि असा प्रसंग नुसता बोलून केला तर कोरडा ठणठणीत होतो. टायविन झालेल्या चार्ल्स डान्सच्या हाताखाली मेलेलं खरं जनावर होतं. सुरी कुठे घालायची, कातडं कुठे ओढायचं, आतडी कशी मोकळी करायची, हे त्याचे हात करत राहतात आणि तोंड वेगळ्याच विषयावर बोलतं. राज्यातला सगळ्यात श्रीमंत माणूस, हे काम करायला त्याच्याकडे शंभर नोकर असतील, तरी तो ते स्वतः करतोय. शिवाय हरीण हे राजाच्या घराण्याचं चिन्ह. तेही कुणी बोलून दाखवत नाही. पुढच्या सीझन्समध्ये टायविन बहुतेक वेळ टेबलाशी बसून पत्रं लिहितो. एका लग्नात सगळ्यांचा काटा काढण्याचा कट त्याने असाच पत्रांतून केला. ते पटतं, कारण हा माणूस आपली कामं अर्धवट सोडत नाही, हे त्या पहिल्या काही मिनिटांत आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

या यादीतले बरेच जण स्वयंपाक करतात, ही गोष्ट मला सतत टोचत राहते. 'डेअरडेव्हिल'मधला गुन्हेगारांचा म्होरक्या विल्सन फिस्क रोज सकाळी स्वतःसाठी ऑम्लेट करतो. पहिल्या सीझनच्या आठव्या भागात त्याची सकाळ आधी पूर्ण दाखवतात: उठणं, ऑम्लेट, कपाटातून सूट निवडणं, त्यावर कफलिंक्स. आरशात मात्र त्याला दिसतो तो रक्ताने माखलेला लहान मुलगा. ते कफलिंक्स बापाचे, आणि बापाला त्यानेच मारलेलं. मग तीच सकाळ पुन्हा येते, आणि शेवटी तिसऱ्यांदा येते तेव्हा त्याच्याबरोबर त्याची प्रेयसी व्हॅनेसा आहे आणि सूट-कफलिंक्स ती निवडते. संवाद जवळजवळ नाहीच. एका माणसाचा दिनक्रम तीनदा दाखवून, तिसऱ्यांदा त्यातली एकच गोष्ट बदलून, त्याच्या आयुष्यात काय घडलं ते सांगून टाकलंय. व्हिन्सेंट डिओनोफ्रिओचं धिप्पाड शरीर त्या छोट्याशा तव्यापाशी किती जपून हलतं, ते पाहण्यासारखं आहे. चौथ्या भागात याच हातांनी त्याने मोटारीच्या दारात एका माणसाचं डोकं चेचलेलं असतं, आणि अपराध काय, तर फिस्क एका बाईबरोबर जेवायला बसला असताना हा मध्येच आला.

आणि मॅग्ज बेनेट.

'जस्टिफाइड'चा दुसरा सीझन, 2011. डोंगराळ मुलखातली ही बाई दुकान चालवते, गांजाचा धंदा चालवते, पोरं सांभाळते. पहिल्याच भागाच्या शेवटी ती एका माणसाच्या घरी येते. तो तिचाच जुना परिचयातला, नियम मोडलेला. बाईचा आवाज मायेचा. बरणीतून सफरचंदाची घरगुती दारू दोन ग्लासांत ओतते, एक त्याला, एक स्वतःला. दोघं पितात. एकाच बरणीतून ओतलेली, तीही प्यायली, म्हणजे भीती नाही, असं त्याला वाटतं आणि आपल्यालाही वाटतं. मग त्याचा श्वास अडकायला लागतो आणि ती हळू आवाजात सांगते, की ते बरणीत नव्हतंच, ग्लासात आधीपासून होतं. आणि त्याचा हात हातात धरून, समजूत काढत, तो जाईपर्यंत बसून राहते. नंतर त्याच्या पोरकी झालेल्या मुलीला घरी आणून पोटच्या पोरीसारखी वाढवते. ही माया खोटी असती तर मॅग्ज सोपी झाली असती. मार्गो मार्टिनडेलने ती खरी ठेवली. विषारी ग्लास पुढे करणारी बाई आणि हात धरून बसणारी बाई यांच्यात तिने सांधा दिसू दिला नाही. सीझनच्या शेवटी तीच दारू, तीच रीत, फक्त या वेळी विष लावलेला ग्लास तिने स्वतःकडे ठेवलाय. समोर बसलेला मार्शल, म्हणजे कायद्याचा माणूस, दचकतो तोवर वेळ गेलेली असते. या भूमिकेसाठी मार्टिनडेलला त्या वर्षी एमी मिळालं आणि ते योग्यच होतं, पण पुरस्कारापेक्षा ही रचना लक्षात घेण्यासारखी आहे. मधले सगळे भाग त्या दोन ग्लासांच्या जोरावर उभे आहेत. पहिला ग्लास पाहिलेला नसता तर शेवटचा ग्लास नुसती आत्महत्या झाली असती.

मालिकांना हे जमतं याचं कारण वेळ. 'ब्रेकिंग बॅड'चे 62 भाग, त्याच्याच आधीची कथा सांगणाऱ्या 'बेटर कॉल सॉल'चे 63, 'द सोप्रानोज'चे 86. दोन तासांत कथा संपवायची तर खलनायकाला येताक्षणी काहीतरी भयंकर करून दाखवावं लागतं. मालिकेत त्याला उशिरा आणता येतं, आणि उशीर ही मालिकेची सगळ्यात मोठी पुंजी आहे. गस फ्रिंगची एन्ट्री दुसऱ्या सीझनच्या अखेरीस होते आणि ती कुणाच्या ध्यानातही येत नाही. वॉल्टर त्याच्या उपाहारगृहात तासन्‌तास त्या अज्ञात माणसाची वाट बघत बसलेला असतो, मॅनेजर येऊन सगळं ठीक आहे ना विचारून जातो. तोच तो. फिस्क तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी दिसतो, एका पांढऱ्याशुभ्र चित्रासमोर एकटा उभा. तोपर्यंत त्याचं नाव उच्चारलं म्हणून एक मारेकरी स्वतःचा जीव देऊन मोकळा झालेला असतो. एवढी भीती साठवल्यावर जो माणूस दिसतो तो मात्र बुजरा निघतो. चित्र बघून काय वाटतं, या प्रश्नाला तो उत्तर देतो, की एकटं वाटतं. आणि टोळीवाला लालो सालामांका. त्याचं नाव 'ब्रेकिंग बॅड'मध्ये 2009 साली वकील सॉल घाबरून एकदाच घेतो. कोण लालो, काय लालो, कुणी सांगत नाही. माणूस दिसतो तो 'बेटर कॉल सॉल'मध्ये 2018 साली. नऊ वर्षांनी. आणि दिसतो कसा, तर स्वयंपाकघरात, शेगडीपाशी, प्रसन्न चेहऱ्याने काहीतरी परतताना, आणि आल्या आल्या समोरच्याला खाऊ घालायला निघालेला. लालो इतका आवडता का झाला, याची अर्धी गोम त्या शेगडीत आहे. टोनी डाल्टनने त्याला आयुष्यावर खूश असलेला माणूस केला. पुढे 2022 मध्ये तो रात्री एका घरात शिरतो तेव्हा कॅमेरा दाराकडे जात नाही. टेबलावर मेणबत्ती आहे, तिची ज्योत जराशी हलते. दार उघडलं, वारा आला, एवढंच. मग तो आत येतो आणि घरात आलेला दुसरा पाहुणा, बिचारा हॉवर्ड, बोलता बोलता मारला जातो. ज्योतीच्या त्या हलण्यात जो थरार आहे तो गोळीत नाही.

पण सगळेच ठरवून घडत नाहीत. बेटावर अडकलेल्या विमानप्रवाशांच्या 'लॉस्ट'मध्ये मायकेल इमर्सनला मोजक्या तीन भागांसाठी घेतलं होतं. जाळ्यात सापडलेला एक वाटसरू, आपण बलूनमधून पडलो असं सांगणारा. कैदेत ठेवलेला हा माणूस एका सकाळी त्याला कैद करणाऱ्यांपैकी डॉक्टर आणि लॉक या दोघांसमोर बसून कोरडं सीरिअल खातोय. तुमचे लोक माझ्या नकाशावरून बलून शोधायला गेलेत, तो सहज म्हणतो. मी खरंच शत्रूंपैकी असतो, तर त्यांना एखाद्या आडबाजूला पाठवलं असतं, माझी माणसं तिथे दबा धरून बसली असती, आणि तुमच्या माणसांच्या बदल्यात मला सोडवून घेतलं असतं. बरं झालं मी त्यांच्यातला नाही. आणि लगेच, त्याच सुरात: दूध आहे का हो? तो छोटासा पॉज आणि ते दूध, यात इमर्सनने आपली नोकरी पक्की केली असं मला वाटतं. तीन भागांचा पाहुणा पुढे मालिकेचा कणा झाला. 'जस्टिफाइड'मधला बॉयड क्राउडर तर पहिल्याच भागात मरायचा होता. पाहणाऱ्यांना वॉल्टन गॉगिन्स इतका आवडला की त्याला वाचवला, आणि सहा सीझन तो टिकला. खलनायक घडवण्याविषयी कुणी आराखडे मांडले की मला हे दोघे आठवतात. लेखकाने किती ठरवलं यापेक्षा, चित्रित झालेले भाग बघताना त्याने नटाचे हात किती बारकाईने पाहिले, यावर बरंच काही अवलंबून असतं.

निगुती नसलेलाही एक आहे, आणि तो अपवाद मला फार मोलाचा वाटतो. 'द वायर'च्या चौथ्या सीझनमधला, अमली पदार्थांच्या टोळीचा म्होरक्या मार्लो स्टॅनफिल्ड. छोट्याशा दुकानात जातो आणि सुरक्षारक्षकाच्या डोळ्यांदेखत लॉलीपॉप उचलून खिशात घालतो. पैशांना काही तोटा नाही त्याला. रक्षक बाहेर येऊन त्याला गाठतो. भांडायला नाही आलेला, बिचारा हात जोडल्यासारखाच बोलतो. मी इथे पोटासाठी उभा आहे, तुला अडवायला निघालो नाही, पण मी माणूस आहे आणि तू मी तिथे नसल्यासारखा वागलास. मार्लो लॉलीपॉप चघळत ऐकून घेतो आणि सांगतो, की तुला गोष्टी एका तऱ्हेने हव्यात, पण त्या दुसऱ्या तऱ्हेने आहेत. तेच वाक्य पुन्हा म्हणतो, पुन्हा. नंतर तो रक्षक जिवंत राहत नाही. जेमी हेक्टरचे डोळे या प्रसंगात जवळजवळ लवतच नाहीत. इथे मार्लोच्या हाताला कसलीच माया नाही, ना वस्तूची ना कामाची. लॉलीपॉप त्याला हवंही नव्हतं. त्याच मालिकेतला स्ट्रिंगर बेल अर्थशास्त्राच्या वर्गाला बसतो, गुंडांच्या बैठकीत सभाशास्त्राचे नियम लावतो आणि कुणी इतिवृत्त लिहायला लागला की संतापतो, गुन्हेगारी कटाची टिपणं काढतोस म्हणून. स्ट्रिंगर निगुतीचा होता आणि हरला. मार्लो येतो तेव्हा प्रेक्षकाला जी थंडी भरते ती यामुळे, की आता समोर घडी घालणारासुद्धा कुणी उरला नाही.

स्वयंपाकघरातल्या खलनायकांत एक आई आहे, आणि तिने कुणावर हात उगारलेला नाही. 'द सोप्रानोज'मधली लिव्हिया. अंधार पडल्यावर ती फोन उचलत नाही. एवढ्या एका सवयीने मुलगा टोनी आयुष्यभर टांगणीला लागलेला असतो: आई आहे ना, ठीक आहे ना, की रागावली? नॅन्सी मार्चंडने तो हात, तो एक झटकून टाकणारा हात, असा वापरला की दुसऱ्या हत्याराची गरज पडली नाही. मार्चंड 2000 साली गेल्या. तिसऱ्या सीझनमध्ये लिव्हियाचा शेवटचा प्रसंग करायचाच, म्हणून जुन्या भागांतली तिची वाक्यं वेचून काढली आणि संगणकावर तिचा चेहरा दुसऱ्या शरीराला लावला. त्या काळी ते मोठं तंत्र होतं. पण पाहवत नाही. प्रकाश जुळत नाही, केस वाक्यागणिक वेगळे दिसतात, पण खरं दुखणं याहून साधं आहे: ती ऐकत नाहीये. टोनी बोलतो आणि तिचं वाक्य येतं, ते कुठल्यातरी जुन्या वाक्याला दिलेलं उत्तर असतं. लिव्हियाचं सगळं विष तिच्या ऐकण्यात होतं. समोरच्याचा शब्द ती निवडून घ्यायची आणि तोच उलटा फिरवायची. ऐकणं काढून घेतल्यावर उरल्या नुसत्या कुरकुरी.

खलनायक बिघडतात ते बहुधा वाढवण्याच्या नादात. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला रॅमसी बोल्टन सुरुवातीला भिववतो, कारण तो खेळतोय हे कळतं आणि खेळ कळत नाही. पण एकदा क्रौर्य हेच त्याचं काम ठरलं, की प्रत्येक भागात आधीच्यापेक्षा वरचढ काहीतरी हवं. हळूहळू प्रेक्षक बधिर होतो. काय करणार ते माहीत असतं, फक्त कुणाला हेच विचारायचं उरतं. 'डेक्स्टर'च्या चौथ्या सीझनमध्ये जॉन लिथगोने 12 भागांत जो खुनी केला तो वरकरणी चर्चमधला सज्जन, गरिबांना घरं बांधून देणारा, सणाला सगळ्या कुटुंबाला टेबलाभोवती जमवणारा, आणि त्याच टेबलावर त्याची बायको-मुलं कशी थिजून बसलेली आहेत ते आपल्याला दिसतं. तो गेल्यावर मालिका आणखी चार सीझन चालली आणि दरवर्षी नवा खुनी आला. मला त्यातला एकही त्याच्या जवळ फिरकलेला वाटला नाही. नव्या माणसाची खून करायची पद्धत जितक्या मेहनतीने रचली, तितकी मेहनत त्याच्या जेवणाच्या टेबलावर कुणी घेतली नाही.

'लाइन ऑफ ड्यूटी' या पोलिसांवरच्या मालिकेचा शेवट मात्र मनात अजून दोन बाजूंनी वाद घालतो. कित्येक वर्षं ज्याच्या शोधात प्रेक्षक होते तो बड्या अधिकाऱ्यांतला 'चौथा माणूस' 2021 साली सापडला, आणि निघाला कोण, तर इयन बकल्स, एक सुमार, आळशी अधिकारी, ज्याला एक साधा इंग्रजी शब्द नीट लिहिता येत नव्हता आणि त्या चुकीवरूनच तो पकडला गेला. लोक चिडले. लेखक जेड मर्क्युरिओचं म्हणणं मला मान्य आहे. व्यवस्था कुजते ती बहुतेक वेळा अशाच माणसांमुळे, कुणा महाबुद्धिमान सूत्रधारामुळे नाही. हे सांगण्याचं धैर्यही मोठं. तरी तो प्रसंग पडतो. बकल्सचा आळस, त्याची ढिलाई आपण आधी विनोदाच्या जागी पाहिली, कधी जवळून पाहिली नाही. तो टेबलावर काय करतो, फाईल कशी ठेवतो, कशाकडे काणाडोळा करतो, ते हात आधी दाखवले असते तर तोच सुमारपणा अंगावर आला असता.

आता जी गोष्ट सांगायला जड जाते ती. निगुती दाखवली की प्रेम बसतं. कॅमेरा ज्याच्या हातांपाशी थांबतो त्याच्या बाजूला प्रेक्षक सरकतो, मग त्या हातांनी काहीही केलेलं असो. 'ब्रेकिंग बॅड' चालू असताना वॉल्टरच्या बायकोचा, स्कायलरचा लोकांनी इतका द्वेष केला, की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गनने 2013 साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहिला. नवरा माणसं मारतोय, घरात विष आणतोय, आणि प्रेक्षकांचा राग त्याला अडवणाऱ्या बाईवर. 'किलिंग ईव्ह'च्या पहिल्याच प्रसंगात भाडोत्री मारेकरी व्हिलानेल आइस्क्रीमच्या दुकानात बसलेली असते. पलीकडच्या टेबलावरची छोटी मुलगी काउंटरवाल्याकडे बघून हसते ते पाहून ती हसू शिकते, तसंच हसून दाखवते, मुलगीही हसते, आणि जाता जाता व्हिलानेल तिचा आइस्क्रीमचा पेला तिच्या अंगावर पाडून निघून जाते. आपल्याला हसू येतं. मुलीचा चेहरा जेमतेम दिसतो, कारण कॅमेरा व्हिलानेल झालेल्या जोडी कोमरबरोबर बाहेर पडलेला असतो. हे पाहून हसलो याचा मला नंतर त्रास झाला आणि तो पुरता गेलेला नाही.

या बाबतीत सॅली वेनराइटच्या 'हॅपी व्हॅली'बद्दल मला फार आदर वाटतो. तीन मालिका, 18 भाग, आणि टॉमी ली रॉइस हा जेम्स नॉर्टनने केलेला देखणा, भयंकर माणूस. त्याला दिनक्रम आहे, मुलाची ओढ आहे, दुःखही आहे. पण कॅमेरा मुक्काम करतो तो त्याच्या मुलाला वाढवणाऱ्या पोलीस अधिकारी कॅथरीनच्या घरी. 2023 च्या शेवटच्या भागात जखमी टॉमी तिच्या स्वयंपाकघरात शिरून टेबलाशी बसतो आणि मुलाच्या फोटोंचे आल्बम चाळतो. हा मुलगा आनंदात वाढला, हे त्याला त्या पानांतून कळतं. ती येते, समोर बसते, दोघं बोलतात. खलनायक इथे दुसऱ्याच्या निगुतीसमोर बसलाय: वर्षांवर्षांचे फोटो क्रमाने लावलेले, टेबल पुसलेलं, कुणीतरी विणलेलं पांघरूण जवळच. तो स्वतःला पेटवून घेतो. नंतर कॅथरीन बहिणीला काय सांगते, तर तुझं एक क्रोशाचं पांघरूण जरा होरपळलं. सारा लँकशर हे वाक्य इतक्या दमलेल्या आवाजात म्हणते की सगळ्या मालिकेचा भार त्या पांघरुणावर येऊन पडतो.

गसचा शेवट सगळ्यांना पाठ आहे. स्फोट, दारातून चालत बाहेर येणं, टायची गाठ नीट करणं, आणि मग कॅमेरा फिरल्यावर दिसलेला अर्धा चेहरा. काहींना तो अतिरेक वाटला. मला हात टायकडे जाणं पटतं, कारण तो हात टॉवेलकडेही असाच गेला होता. पण हल्ली त्याचा विचार आला की स्फोटाऐवजी 'बेटर कॉल सॉल'च्या अखेरच्या सीझनमधला एक शांत प्रसंग आठवतो, 'फन अँड गेम्स' या भागातला. लालो संपलाय. एलाडिओनेही संशय मिटवलाय. किती दिवसांनी गसला कुणाची भीती नाही. तो एका वाइन बारमध्ये एकटाच जाऊन बसतो. तिथे काम करणारा डेव्हिड त्याच्याशी बोलायला लागतो, द्राक्षमळ्यांविषयी, आपल्या प्रवासाविषयी, आणि बोलतच राहतो. गस ऐकतो. एस्पोझिटोचा चेहरा इथे पहिल्यांदा सैल पडतो, डोळे हसतात, आणि आपल्या लक्षात येतं की हा चेहरा असा असू शकतो हे आपण इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं. एक खास बाटली दाखवतो म्हणून डेव्हिड आत जातो. गस बसलेला असतो. ते हसू तेवढ्यात जागच्या जागी विरतं, तोंड मिटतं, चेहरा पुन्हा घडी घातल्यासारखा सरळ होतो. तो पैसे ठेवतो आणि डेव्हिड परत यायच्या आत निघून जातो.